डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावात राहून काय काय बघून होईल? सिनेमा, गाणं, पुस्तकं, म्युझियम, काहीपण सांगा

वडगावचा_पोरगा
मंडळी नमस्कार. पुण्यातली नोकरी आता घरात बसून करूलोय, म्हणजे मुक्काम बेळगाव, कायमचा. तिकडं असताना मुद्दाम ठरवावं लागायचं नाही, कुणीतरी तिकिटं काढलेली असायची, आपण जाऊन बसायचं. इथं आल्यापासून सगळं मोबाईलवर, आणि मोबाईलवर बघितलेलं चार दिवसांनी आठवत पण नाही.

तर १५ तारखेनंतर सुट्टी काढूलोय. बरोबर आई, तिला गाण्याचं वेड, खरं गुडघ्यामुळं फार चालवत नाही. आणि आठवीतली भाची, तिला वाघनखं बघायची आहेत म्हणून हट्ट धरून बसलीय. मला सिनेमा आणि पुस्तकं. सिनेमाचं तर विचारूच नका, परवा एक मराठी लागला होता, शो एकच, तो पण सकाळी, ऐन मीटिंगच्या वेळेला. पुढच्या शुक्रवारी बघू म्हणेपर्यंत उतरला.

पुण्या-मुंबईला न जाता काय काय जमेल? गाडी आहे. कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की गावात गाडी घालायची सोय राहत नाही हे माहीत आहे, तेव्हा बाहेर पडायला काही हरकत नाही. कन्नड वाचता येतं, थोडं अडखळत.

निपाणीची_वैनी
वाघनखांसाठी लांब जायची गरजच नाही ओ, कोल्हापुरात आहेत की. कसबा बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेस, शाहू महाराजांचं जन्मस्थळ, तिथं ऑक्टोबरच्या शेवटापासून 'शिवशस्त्र शौर्यगाथा' लागलंय, मेपर्यंत आहे. आधी सातारा, मग नागपूर आणि आता आपल्या दारात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं तीन वर्षांच्या बोलीवर दिलीत, बोली संपली की परत. भाचीला आधीच सांगून ठेवा, वस्तू लहान आहे. पोरं सिनेमात बघितलेलं डोक्यात घेऊन येतात आणि काचेसमोर उभी राहून "एवढंच?" म्हणतात. मागं पट्टी, दोन्ही टोकांना बोटात घालायच्या अंगठ्या आणि खाली वाकडी नखं. मूठ झाकली की बाहेरून नुसत्या अंगठ्याच दिसणार, खरी करामत तीच आहे. इतर शस्त्रंपण भरपूर आहेत, दांडपट्टे बघा, पोरीला आवडतील.

गर्दी सुट्टीच्या दिवशी शाळांच्या सहलींची. जमलं तर मधल्या वारी जा. आई गाडीत बसणार म्हणून बरं, नाहीतर बसनं यायचं तर आधार कार्ड घ्या म्हणावं, निपाणीपर्यंत कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना तिकीट नाही, पुढचं काढायचं. हायवेचं काम कधी संपणार ते कर्नाटकालाही माहीत नाही आणि महाराष्ट्रालाही, तेवढा वेळ धरून निघा.

आणि कोल्हापुरात गेलाच आहात तर टाऊन हॉलचं म्युझियम चुकवू नका. लोक अंबाबाई आणि न्यू पॅलेस करून परत फिरतात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात चाळीसच्या दशकात खोदकाम झालं, त्यात सापडलेलं ब्राँझचं सामान या म्युझियममध्ये आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, त्याची हातात मावेल एवढी मूर्ती. समुद्र कुठं, कोल्हापूर कुठं! सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा, घाट चढून माल इथवर यायचा, त्यातलं हे. मला विचाराल तर वाघनखांपेक्षा तिथं जास्त वेळ थांबा.

कॅम्पातला_पेन्शनर
वैनी म्हणतात ते बरोबर, खरं भाचीला घेऊन जाणार असाल तर दुसरी बाजूपण सांगून न्या. शाळेत इतिहास शिकवण्यात जन्म गेला म्हणून राहवत नाही. १६५९ च्या १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली वापरली ती हीच का, हे सिद्ध करता येत नाही, आणि ते मी नव्हे, ते म्युझियमच म्हणतं. जेम्स ग्रँट डफ १८१८ नंतर साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता, त्याला पेशव्यांच्या कारभाऱ्यानं ही दिली असं त्याबरोबरच्या पेटीवर लिहिलंय, आणि त्याच्या वंशजांकडून ती म्युझियमला गेली. पुरावा म्हणायचा तर एवढाच, पेटीवरचा मजकूर. कोल्हापूरचेच इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी हा मुद्दा लावून धरला तेव्हा लोक त्यांच्यावर तुटून पडले. का ते मला कळलं नाही. वस्तू जुनी आहे, मराठी मुलखातून गेलेली आहे, परत येऊन आपल्याला बघायला मिळतेय, एवढ्यानं पोट भरायला काय हरकत आहे?

नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या तलवारीचं तसं नाही. एप्रिलात लंडनला सदबीजच्या लिलावात महाराष्ट्र सरकारनं ४७ लाख १५ हजाराला घेतली, ऑगस्टमध्ये मुंबईला आली. पातं युरोपातलं, फिरंग म्हणतात ते, आणि त्याच्यावर देवनागरीत सोन्याच्या अक्षरात मालकाचं नाव, 'सेनासाहेब सुभा' या किताबासकट. नावच कोरलेलं असल्यावर वाद कसला घालणार.

आणि एक. लंडनचं एवढं चाललंय तर आपलं पण विचारा की कुणीतरी. आपल्या किल्ल्यात जी जैन बस्ती, तिचा १२०४ च्या सुमाराचा कन्नड शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये पडून आहे. इथल्या रट्ट राजांचा मंत्री बीचिराज, त्यानं बस्ती बांधली, जमिनी दान दिल्या, त्या जमिनींचा हिशोब दगडावर. तो काही तीन वर्षांच्या बोलीवर कुणी आणला नाही, कारण त्याच्यावर मिरवणूक निघत नाही. भाचीला कमल बस्तीत ने, छतातून खाली उमललेलं दगडी कमळ आहे, मान दुखेपर्यंत बघत राहावं असं. चालणं काही नाही, गाडी दारापर्यंत जाते, तुझ्या आईलापण जमेल. मराठा लाईट इन्फंट्रीचं म्युझियम पण इथंच आहे, त्यासाठी मात्र आधी चौकशी करून जा, लष्करी हद्द आहे.

वडगावचा_पोरगा
सर, बीचिराजाचं पहिल्यांदाच ऐकूलोय. शाळेत आम्हाला किल्ल्यात नेलं होतं, तेव्हा डबा खाऊन परत आलो. सिनेमाचं कुणी सांगेल काय?

चोर्ला_मार्गे
मी सांगतो. सिनेमाची रड वेगळी आहे भावा. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमा दाखवायचं सरकारी बंधन आहे, इथं ते लागू नाही. इथला मॅनेजर बघणार, मोठा हिंदी आहे, कन्नड आहे, 'कांतारा चॅप्टर १' सारखा आला तर ऑक्टोबरात सगळे पडदे त्यालाच, मग उरलेली सकाळ मराठीला. त्याच्यावर चिडून काय करणार, त्याचा धंदा आहे. सकाळच्या शोला पंधरा माणसं असली तर दुसरा आठवडा कसा देईल तो? पहिल्या शुक्रवार-शनिवारी गेलं पाहिजे, हाच उपाय, आणि आम्ही सगळे 'बघू की' म्हणून रविवारी रात्री तिकीट शोधतो. तिकिटाला २०० रुपयांची मर्यादा घालायचं कर्नाटक सरकारनं सप्टेंबरात ठरवलं तर त्याला हायकोर्टानं स्थगिती दिली, ते पण गेलं.

मी काय करतो, नोव्हेंबरात चोर्ला घाटानं पणजी गाठतो, इफ्फीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला. जांबोटी, कणकुंबी, खाली उतरलं की साखळी. रस्त्याला नावं ठेवत ठेवत का होईना सकाळी निघालं की दुपारचा शो मिळतो. यंदा तिथं 'गोंधळ'साठी संतोष डावखरांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. एका रात्रीतला, लग्नानंतरच्या गोंधळातला खेळ. आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालतात त्यामुळं संबळ सुरू झाला की अंगावर येतंच, तेवढं सोडूनसुद्धा कॅमेरा जबरदस्त फिरतो. मशालींच्या उजेडात माणसांच्या घोळक्यातून. कथेत मात्र मधे थोडं जास्तच गुंतवलंय असं माझं मत, बायकोला तेच आवडलं.

दुसरा 'साबर बोंडं'. रोहन कानवडेचा, जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमाच्या विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक घेतलं त्यानं, सप्टेंबरात आपल्याकडं लागला. बाप गेल्यावर मुंबईचा पोरगा दहा दिवसाच्या सुतकाला गावी येतो, भावकी 'लग्न कधी' म्हणून मागं लागलेली, आणि तिथं लहानपणीचा दोस्त भेटतो. दोघांमधलं प्रेम आहे ते. ओरडणं नाही, भाषण नाही. सुतकातले नियम, अनवाणी चालायचं, हे खायचं नाही, ते घालायचं नाही, हे सगळं जसंच्या तसं. आईचं पात्र बघ तू. आपल्याकडच्या आयांना सगळं कळत असतं आणि त्या बोलत नाहीत, ते त्या बाईनं काय दाखवलंय! मोबाईलवर बघायचा असेल तर इयरफोन लावून रात्री बघ, मधे मेसेज वाचत बसलास तर काही हाती लागणार नाही.

आणि १ जानेवारीला 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' येतोय, हेमंत ढोमेचा. मराठी शाळा बंद पडायचा विषय. आपल्या तालुक्यांत त्याला गर्दी व्हायला पाहिजे, नाही झाली तर मग पुढच्या वेळेला शोची तक्रार करायची नाही. :)

तुझ्या तारखांत इफ्फी संपलंय खरं सेरेंडिपिटी कला महोत्सव आहे, पणजीतच, १२ ते २१, दहावं वर्ष. चित्रं, नाटक, गाणं, मातीकाम, सगळं एकाच गावात, नाव नोंदवलं की फुकट. आईला मात्र दिवसभर फिरवू नको, ठिकाणं लांब लांब असतात. संध्याकाळचं एक गाणं आणि मांडवीच्या काठाला खुर्ची, बास.

तंबोरा
आईंसाठी मी लिहितो. पुण्यातलं सवाई, गाण्याचा मोठा उत्सव, १० ते १४ आहे, म्हणजे तुमच्या सुट्टीच्या आधीच संपतंय, तेव्हा ते सोडा. खरं एक विचारतो, सवाई गंधर्व कुठले? हुबळीच्या पुढचं कुंदगोळ. भीमसेनजी तिथंच जाऊन शिकले आणि गुरूच्या नावानं १९५३ ला पुण्यात उत्सव सुरू केला. कुंदगोळात नाडगीर वाड्यात पण त्यांच्या पुण्यतिथीला गाणं होतं, वाड्यातल्या वाड्यात, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ बसून. सप्टेंबरात तारखा बघून ठेवा.

कुमार गंधर्व तर आपलेच, सुळेभावीचे. ८ एप्रिल १९२४, शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. गावातून मुंबईला देवधर मास्तरांकडं, तिथून क्षयानं गाठलं म्हणून हवापालटासाठी देवासला, आणि तिथं अंथरुणाला खिळून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत पडून राहिले. त्यातून पुढं काय झालं ते आईंना सांगायला नको. शताब्दीच्या वर्षात देशभर कार्यक्रम झाले. बेळगावात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे, तिथं बहुतेक वेळा सरकारी कार्यक्रम, गाणं कमी. गाण्यासाठी आर्ट्स सर्कलच्या मैफिलींवर लक्ष ठेवा. इथं वेळेवर सुरू होतं, श्रोते कमी असतात आणि खरंच ऐकायला आलेले असतात. रामभाऊ विजापुरे मास्तरांनी या गावात हार्मोनियमची एक अख्खी पिढी तयार केली, २०१० ला गेले, त्यांच्या शिष्यांपैकी कुणी साथीला असलं की मी गायक कोण ते न बघता जातो.

आता खरा सल्ला. आईंना घेऊन मिरजेला जा. रेल्वे आहे, बसून जायचं, गुडघ्याला त्रास नाही. सतारमेकर गल्लीत कुणाच्याही दुकानात विचारून बसा, बसू देतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, वाळवून टणक केलेले, वर तूण लाकूड. ते सगळं बघण्यासारखं आहेच खरं तुम्ही जवारी लावताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना बघा. कारागीर घोडीचा, तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं अगदी केसभर घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली साधं सुती सूत सरकवतो. इकडं तिकडं, इकडं तिकडं, तार नुसती टण् वाजत असते आणि एका जागेवर सूत आलं की एकदम उघडते, आवाज भरून येतो. मोबाईलवरच्या तानपुऱ्यात सगळं असतं, हे उघडणं नसतं. आता सगळे रियाजाला तेच लावतात, मी पण लावतो, प्रवासात दुसरं काय करणार.

तिथंच दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीचा गाण्याचा उत्सव उरुसात होतो. मोठमोठे लोक हजेरी लावून जातात.

शहापूरची_अक्का
पुस्तकांचं कुणी काढलंच नाही अजून. तू कन्नड वाचतोस म्हणतोस ना रे? मग बानू मुश्ताक मूळ कन्नडमधून वाच. मेमध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादाला, कथासंग्रहाला मिळालेलं ते पहिलंच. हसनच्या बाई, वकील, कन्नडमधल्या बंडाय म्हणजे बंडखोर साहित्याच्या चळवळीतल्या. मुसलमान घरातल्या बायकांच्या कथा, खरं त्यातली सासू, त्यातला नवरा, अंगणातली भांडणं, हे सगळं आपल्या गल्लीत पण आहे. यंदा म्हैसूरच्या दसऱ्याचं उद्घाटन त्यांनी करायचं म्हटल्यावर केवढा गोंधळ घातला लोकांनी, त्यातल्या किती जणांनी एक कथा वाचली असेल देव जाणे. अडखळत वाचलंस तरी चालतंय, कथा लहान आहेत.

कन्नड कादंबरीकार भैरप्पा सप्टेंबरात गेले. त्यांना मराठीत आपल्या घरात आणलं ते उमाताई कुलकर्णींनी, आणि त्या जन्मानं बेळगावच्या, हे इथल्यालाच माहीत नसतं. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला १९८९ चं साहित्य अकादमीचं पारितोषिक आहे. त्यांची कामाची पद्धत तर बघ, नवरा विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करणार आणि ताई ते ऐकून ऐकून मराठीत लिहिणार. कानानं केलेला अनुवाद आहे तो, म्हणून वाचताना अडत नाही.

भाचीला लंपन या पोराच्या गोष्टी दे. प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' आधी, मग बाकीचे तीन. आठवीला अगदी बरोबर वय. पुण्यातल्या पोरांना त्यातली भाषा गंमत म्हणून वाटते, आपल्या पोरीला ती आजीची वाटेल. आणि निपाणीच्या वैनी, महादेव मोऱ्यांचं नाव तुम्ही कसं नाही घेतलं ओ? पिठाची गिरणी चालवत लिहिलं त्या माणसानं. तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, जोगतिणी, सगळे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेले.

आणि जानेवारीत साताऱ्याला ९९ वं साहित्य संमेलन आहे, १ ते ४, अध्यक्ष विश्वास पाटील. मी जाणार नाही. मला आपली गावातली संमेलनं बरी, कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा. सकाळी ग्रंथदिंडी, पोरी नऊवारीत लेझीम घेऊन, मंडपात शेतातनं उठून आलेली माणसं मांडी घालून पुढच्या रांगेत, आणि दुपारी सगळ्या गावाला जेवण. वक्ता कंटाळवाणा निघाला तरी कुणी उठत नाही. (जेवणामुळं असेल, खरं उठत नाहीत हे खरं.)

येळ्ळूरचा_वाघ
सगळं ठीक आहे खरं मराठीची चर्चा चाललेली त्यात कन्नड पुस्तकं, कन्नड सिनेमे कशाला घुसडताय? १९४६ ला याच बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तो विसरायचा काय? आपल्याला पाटी मराठीत मागितली की केस पडते आणि आपण त्यांचं वाचत बसायचं.

शहापूरची_अक्का
वाघा, ठराव कुणी विसरलं नाही. माझे वडील सत्याग्रहात होते, घरात भैरप्पा पण होते, एकाच कपाटात. सरकारशी भांडण आहे, ते भांडूच. बानू मुश्ताकनं तुझी पाटी काढली काय?

कॅम्पातला_पेन्शनर
१९४६ च्या आधी १९२९ ला पण इथं संमेलन झालंय, शिवरामपंत परांजपे अध्यक्ष, आणि २००० ला य. दि. फडके. वाघानं चिडताना पूर्ण यादी द्यावी. बाकी १९२४ च्या काँग्रेसला, गांधीजी अध्यक्ष असताना, याच गावात धारवाडची लहान गंगूबाई हनगल स्वागतगीत गायली. ती कुठल्या कपाटात ठेवायची ते पण सांग.

येळ्ळूरचा_वाघ
सर तुमच्यापुढं काय बोलणार. गाणं वेगळं, गाण्याला माझी हरकत नाही. पोरग्या, येळ्ळूरच्या संमेलनाला ये, जेवायला माझ्या घरी.

वडगावचा_पोरगा
एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आता ठरवूलोय ते असं, मधल्या वारी कोल्हापूर, आधी टाऊन हॉल आणि मग बावडा, म्हणजे भाची वाघनखांच्या आशेनं पोसायडन पण बघेल. मिरजेला आई आणि मी रेल्वेनं. पणजी जमलं तर २० ला, एक संध्याकाळ. आईला जवारीचं वाचून दाखवलं तर ती म्हणाली घरातला तानपुरा माळ्यावर गुंडाळून ठेवलाय तो पण घेऊन जाऊ, तारा गेल्यात. तंबोरा दादा, रेल्वेत नेता येईल काय तो?

तंबोरा
नेता येतो खरं भोपळ्याला धक्का लागू देऊ नका. तारा आधीच गेल्यात म्हणता, कुठली उरली असेल तर ती पण सैल करा, घोडीवर ताण नको. मग जुन्या रजईत भोपळा गुंडाळा, वरच्या बर्थवर आडवा ठेवा आणि कुणालाही त्याच्यावर पिशवी ठेवू देऊ नका, लोक ठेवतातच. भोपळ्याला चीर असेल तर एका दिवसात होणार नाही, तिथंच ठेवून यावा लागेल. आधी माळ्यावरनं काढून उजेडात बघा आणि फोटो इथं टाका.

निपाणीची_वैनी
आणि कोल्हापूरला निघायच्या आधी प्रदर्शनाची वेळ बघून घ्या, सुट्टीचा वार कुठला ते पण. परत येताना निपाणीत चहाला थांबा. अक्का, मोऱ्यांचं नाव राहिलं ते मान्य, खरं पोरग्यानं विचारलं म्युझियम म्हणून मी म्युझियमचं सांगितलं. त्यांची पुस्तकं हवी तर चार आहेत माझ्याकडं, वाचून परत द्यायची बोली.